लायटरच्या खड्यातलं सिरियम आणि काच पॉलिश करायच्या पावडरीतलं सिरियम एकच का?

प्रश्न असा आहे: गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरचे ओरखडे आहेत. ते घालवायला सिरियम ऑक्साइडची पावडर मागवली. फिकट पिवळी असेल असं वाचलं होतं, पण आली ती तांबूस. सुती फडक्यावर घेऊन अर्धा तास घासली, तरी काडीचा फरक पडला नाही. त्यात कुठेतरी वाचनात आलं, की लायटरच्या खड्यातही सिरियमच असतं आणि तो धातू हवेत पेट घेतो. मग ही पावडर बनावट आहे का? घरात ठेवणं धोक्याचं आहे का? आणि ‘दुर्मिळ मृदा’ म्हणवणारं मूलद्रव्य इतकं सहज मिळतं तरी कसं?

पावडर बहुतेक खरी आहे आणि ती पेटणार नाही. चुकलंय ते घासण्याचं तंत्र. मात्र तुमचे ओरखडे जातील की नाही, हे त्यांच्या खोलीवर आणि ते काचेवर नेमके कुठे आहेत यावर ठरेल. एक चाचणी आत्ताच करा. काच धुऊन कोरडी करा आणि ओरखड्याला काटकोनात, हलकेच नख फिरवा. नख न अडकता सरकून गेलं, तर या पावडरीने काम होण्यासारखं आहे. नख अडखळलं, तर ओरखडा ढोबळमानाने दहा-वीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल आहे आणि तिथे सिरियम ऑक्साइड हे योग्य हत्यार नाही.

आता पेटण्याचं. धातू आणि त्याचं ऑक्साइड यांत इथे गल्लत होते आहे. सिरियम धातू करडा-रुपेरी, सुरीने कापता येईल इतका मऊ असतो. घनता घनसेंटिमीटरला सुमारे 6.8 ग्रॅम, वितळणबिंदू सुमारे 795 अंश सेल्सिअस. उघड्या हवेत त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, पण ॲल्युमिनियमवरच्या थरासारखा तो घट्ट बसून आतल्या धातूला राखत नाही. लोखंडाच्या गंजासारखा पापुद्रे धरून सुटतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा उघड्यावर ठेवला, तर वर्षभरात त्याची पूड होते. म्हणून तो खनिज तेलात बुडवून किंवा निष्क्रिय वायूत सीलबंद ठेवतात. अखंड तुकडा आपणहून पेटत नाही, पण त्याचा कीस पेटतो. कानशीने घासला किंवा धारदार वस्तूने खरवडला, की घर्षणाने तापलेला बारीक कण दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपासच हवेत पेट घेतो. लायटरचा खडा चालतो तो याच गुणावर.

खड्यात शुद्ध सिरियम नसतं. ते इतकं मऊ, की चाकावर घासलं तर कण तुटून उडण्याऐवजी धातू फासला जाईल. त्यामुळे सिरियम, लँथॅनम वगैरेंच्या मिश्रधातूत, म्हणजे मिशमेटलमध्ये, लोखंड घालून तो कडक आणि ठिसूळ करतात. हा फेरोसिरियम. शेकोटी पेटवायच्या काळ्या कांडीतही तोच असतो, बऱ्याचदा थोडं मॅग्नेशियम मिसळून. नवी कांडी ठिणगी देत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तिच्यावरचा काळा रंग खरवडून काढावा; तो गंजू नये म्हणूनच दिलेला असतो. वर्षानुवर्षं न वापरलेल्या लायटरमध्ये खडा फुगून नळीत अडकून बसतो, तोही याच गंजाचा प्रताप. धातूचा कीस पेटला तर पाणी मारू नका. तापलेलं सिरियम पाण्यातून हायड्रोजन सोडतं आणि आग वाढते. अशा वेळी कोरडी वाळू टाकायची.

तुमची पावडर म्हणजे या आगीनंतरची राख समजा. तिच्यातलं सिरियम आधीच पूर्ण ऑक्सिडाइझ झालेलं आहे, जळायला काही शिल्लक नाही. तिचा धोका आगीचा नसून धुळीचा आहे. ही बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर फुप्फुसांना इजा होते. म्हणून कोरडी पावडर ओतताना आणि कालवताना एन-95 मास्क लावा आणि नंतरचं सगळं काम ओलं करा. वाळलेला थर झटकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

रंगाचं उत्तर द्यायला सिरियमच्या स्वभावात शिरावं लागेल. दुर्मिळ मृदांच्या गटातली बहुतेक मूलद्रव्यं संयुगात तीन इलेक्ट्रॉन देऊन थांबतात. सिरियम मात्र चौथाही सहज देतं आणि परिस्थिती पालटली की परत घेतं. या मूलद्रव्याचे जवळपास सगळे उपयोग या एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीवर चालतात, आणि ते सापडलं, वेगळं झालं तेही याच देवघेवीमुळे.

स्वीडनमधल्या बास्टनेसच्या खाणीत एक जड, तांबूस खनिज निघायचं. खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेटने 1751 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. वजनावरून त्यात टंगस्टन असेल असं वाटलं, पण रसायनशास्त्रज्ञ शेलेला त्यात टंगस्टन सापडलं नाही. पुढे 1803 मध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी स्वीडनमध्ये आणि क्लाप्रोथने जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्यातून एक नवी ‘मृदा’ म्हणजे ऑक्साइड काढलं. दोनच वर्षांपूर्वी सेरेस हा लघुग्रह सापडला होता, त्यावरून नाव पडलं. पण ते ऑक्साइड शुद्ध नव्हतंच. मोसांडरने 1839 मध्ये त्यावर विरल नायट्रिक आम्ल वापरून दाखवलं, की एक भाग विरघळतो आणि एक तसाच राहतो. विरघळलेल्या भागातून लँथॅनम निघालं आणि पाठोपाठ डिडिमियम. या डिडिमियमचेही 1885 मध्ये आउअर फोन वेल्सबाखने दोन तुकडे केले, प्रासिओडिमियम आणि निओडिमियम. न विरघळलेला भाग हे खरं सिरियम, चौथा इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं. धातूरूपात ते हिलब्रँड आणि नॉर्टन यांनी 1875 मध्ये वितळलेल्या क्लोराइडमधून वीज सोडून मिळवलं.

आजही कारखान्यात मूळ युक्ती तीच आहे. खनिज हवेत भाजलं की त्यातलं सिरियम चौथा इलेक्ट्रॉन देतं. मग विरल आम्लात बाकीची मूलद्रव्यं विरघळून जातात आणि सिरियम बरंचसं गाळात उरतं. ही पायरी अर्धवट ठेवली, तर लँथॅनमबरोबर प्रासिओडिमियमही ऑक्साइडात राहतं. शुद्ध सिरियम ऑक्साइड फिकट पिवळं असतं. थोडं प्रासिओडिमियम राहिलं की तेच तांबूस, बदामी, कधी विटकरी दिसतं. काच पॉलिश करायला ही सरमिसळ चालते. कित्येक पावडरी मुद्दामच तशा बनवतात, कारण फिकट शुद्ध मालापेक्षा त्या काचेवर सरस चालू शकतात. थोडक्यात, रंगावरून पावडरीची जात ठरवू नका.

एक शंका मात्र रास्त आहे. तांबड्या रंगाची दुसरी पॉलिश पावडर म्हणजे रूज, आयर्न ऑक्साइड. सिरियम येण्यापूर्वी काचेला तीच वापरायचे. तिचं काम संथ असतं आणि हात, कपडे, फेल्ट (दाबलेल्या लोकरीचा पॅड) सगळं लालभडक होतं. चिमूटभर पावडर ओल्या बोटांत चोळा. बोट गडद तांबडं होऊन साबणानेही लवकर निघेना, तर ते रूज असण्याचा संभव जास्त. विक्रेत्याकडे माहितीपत्रक असेल तर त्यात तीन आकडे पाहा: एकूण दुर्मिळ मृदा ऑक्साइडांचं प्रमाण, त्यातला सिरियम ऑक्साइडचा वाटा, आणि कणांचा सरासरी आकार, जो डी50 म्हणून लिहितात. ओरखड्यांच्या कामाला 1 ते 3 मायक्रॉनचा आकार बरा. कणांचा आकारच दिलेला नसेल, तर मी ती पावडर काचेला लावत नाही, मग शुद्धता 99.9 टक्के का लिहिलेली असेना. एकच जाडा कण सगळ्यावर पाणी फिरवतो.

सहज मिळण्याचं कारण असं, की ‘दुर्मिळ’ हे नाव फसवं आहे. भूकवचात सिरियमचं प्रमाण दशलक्षात साठ-पासष्ट भाग, म्हणजे जवळपास तांब्याइतकं. शिवाय बास्टनेसाइट आणि मोनाझाइट या मुख्य खनिजांतल्या दुर्मिळ मृदांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या सिरियमचा असतो. आज खाणी चालतात त्या मुख्यतः चुंबकांना लागणाऱ्या निओडिमियमसाठी. सिरियम मागोमाग निघतंच, मागितलं नाही तरी. उरलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न जुनाच. वेल्सबाखच्या गॅसबत्तीच्या जाळीत 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि अवघं 1 टक्का सिरियम ऑक्साइड असायचं. थोरियम काढून घेतल्यावर मोनाझाइटमधलं बाकीचं सगळं पडून राहायचं. त्या ढिगाला गिऱ्हाईक शोधतानाच 1903 मध्ये लायटरचा खडा जन्मला. आज सिरियम गाड्यांच्या उत्प्रेरक परिवर्तकात (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) असतं: धुरात ऑक्सिजन जास्त झाला की धरून ठेवतं, कमी पडला की सोडतं. ही तीच देवघेव. काचेत घातलं तर लोहाची हिरवट झाक कमी करतं. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणारा लेपही सिरियमवरच चालतो.

आता तुमच्या अर्ध्या तासाकडे येऊ. ही पावडर सँडपेपरसारखी काच कापत नाही. तिचा कडकपणा काचेच्या जवळपासच आहे, त्यामुळे नुसत्या ओरबाडण्याने फारसं काही होत नाही. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा थर किंचित सैल होतो, सिरियमचे कण त्यातल्या सिलिकाशी क्षणभर रासायनिक बंध धरतात आणि पुढे सरकताना त्याला ओढून नेतात. बंध नेमका कसा जुळतो यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण कामाला लागणारं सूत्र पक्कं आहे: पाणी नाही तर पॉलिश नाही. कोरडी किंवा तेलात कालवलेली पावडर जवळजवळ काहीच करत नाही. चष्म्याच्या प्लॅस्टिक भिंगावर तिचा उपयोग नाही तोही म्हणूनच. तिथे बंध धरायला सिलिका नाही, असलाच तर वरचा लेप आहे आणि तो तेवढा खराब होईल.

दुसरं सूत्र प्रेस्टनचं, 1927 सालचं: काच किती निघेल हे दाब, वेग आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. हाताने फडका फार तर सेकंदाला अर्धा मीटर फिरतो. 75 मिलिमीटरचा फेल्ट पॅड मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरवला, तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला जवळपास 4 मीटर होतो. वर फडका मऊ असल्याने दाब पसरतो आणि कण त्याच्या विणीत दडून बसतात. घट्ट फेल्ट कणांना काचेवर दाबून धरतो. यंत्रानेही मिनिटाला मायक्रॉनभर काच निघाली तर खूप झालं. हाताने अर्धा तास घासून काही दिसलं नाही, यात पावडरीचा दोष नाही.

पुन्हा कराल तेव्हा असं करा. गाडी सावलीत, काच थंड. काच साबणाने धुवा, विशेषतः वायपरखालची धूळ. तोच वाळूचा कण पॅडखाली गेला तर नवा ओरखडा पाडतो. वायपरची रबरंही बदला, नाहीतर आठवडाभरात पुन्हा तेच. ओरखड्याच्या खुणा मार्करने आतल्या बाजूने करा, बाहेरच्या पहिल्या फेरीतच पुसल्या जातील. रबरी कडा आणि रंगाचा पत्रा मास्किंग टेप आणि प्लॅस्टिकने झाका. 50 ग्रॅम पावडरीत 75 ते 100 मिली पाणी घालून पातळ ऑइलपेंटसारखं मिश्रण करा आणि दहा मिनिटं ठेवा, गुठळ्या भिजतात. वापरताना दर वेळी ढवळा. ही पावडर पाण्याच्या सात पट जड आहे, ती लवकर तळ गाठते आणि वरवरचं गढूळ पाणी लावत बसलात तर काम होणार नाही.

फेल्ट आधी पाण्यात भिजवून पिळा, मग मिश्रणात बुडवा. वेग बदलता येणारं ड्रिल घ्या, मिनिटाला 800 ते 1200 फेऱ्या. अँगल ग्राइंडर अजिबात नको. त्याच्या वेगाने मिश्रण उडून जातं, पॅड कोरडा पडतो आणि काच तापते. पॅड काचेवर टेकवून मग ड्रिल सुरू करा, नाहीतर भिंती रंगतील. पॅड सपाट धरा. काठावर कलला की एकाच रेषेत खळगा पडतो. एका जागी 30 ते 45 सेकंद, सतत हलवत, ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सात सेंटिमीटरपर्यंत दाब हळूहळू हलका करत जा.

या कामाची खरी नस पॅडखालच्या ओलीत आहे. मिश्रण भरपूर ओलं असतं तेव्हा पॅड सुळकन घसरतो आणि काच फारशी निघत नाही. पाणी उडत गेलं की आवाज जड होतो आणि पॅड हाताला ओढ देऊ लागतो. सगळ्यात चांगलं काम या ओढीच्या काही सेकंदांतच होतं. त्यानंतर काचेवरचा थर फिकट पडून कडेने भुकटी दिसायला लागली, की थांबून पाण्याचे दोन-तीन फवारे मारा. ओढ आणि कोरडेपणा यांतलं अंतर जेमतेम आठ-दहा सेकंदांचं असतं. एक-दोन फेऱ्यांत हाताला कळतं.

दर फेरीनंतर तळहात त्याच जागी काचेला लावा. कोमट लागली तर ठीक. हात टेकवत नाही इतकी गरम असेल, तर ती आपणहून निवेपर्यंत थांबा आणि त्यावर गार पाणी मारू नका. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. एकाच ठिपक्यावर उष्णता साचली की ती तडकते, आणि काठाला आधीची बारीक चीर असेल तर हमखास. बाजूच्या टफन्ड काचांना वरवरचं पॉलिश चालतं, खोल घासणं नाही. पाणी न धरणारा किंवा दुसरा कुठला लेप असलेल्या काचेवर तो लेप जाईल हे गृहीत धरा.

चार-पाच फेऱ्यांनी धुऊन, पुसून, तिरक्या उजेडात बघा. ओरखड्याच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या तर चाल बरोबर आहे, आणखी तेवढंच करा. काहीच हललं नसेल तर पॅड सैल किंवा वेग कमी आहे. नवे बारीक कमानीसारखे चरे दिसले तर पॅडमध्ये बाहेरचा कण शिरला आहे. पॅड फेकून द्या, धुऊन तो कण निघत नाही. आधी कुणी सँडपेपर मारून ठेवला असेल आणि काच धुरकट दिसत असेल, तर ते सिरियमचं काम अपुरं राहिल्याचं लक्षण नव्हे. सँडपेपरची शेवटची पायरी जाड राहिली आहे, आणि नुसत्या सिरियमने ते खड्डे घालवायला कित्येक तास लागतील.

नख अडकणाऱ्या ओरखड्याबाबत माझं मत कडक आहे. वीस मायक्रॉन खोल चरा घालवायचा म्हणजे भोवतालची काचही तेवढीच उतरवायची. तिथे उथळ खळगा होतो आणि काच भिंगासारखी वागते. बसल्या जागेवरून दूरची सरळ रेषा, खांब किंवा खिडकीची चौकट, बघत डोकं डावी-उजवीकडे हलवा. रेषा लहरली तर काच बिघडली. चालकाच्या नजरेसमोरच्या पट्ट्यात हा जुगार खेळू नये, तिथे काच बदलणंच बरं. कडेच्या भागात थोडी लहर खपते.

संपल्यावर रबर आणि रंगावरचे शिंतोडे ओले असतानाच पुसा. भाजलेलं सिरियम ऑक्साइड व्हिनेगरलाच काय, तीव्र आम्लालाही सहजी दाद देत नाही, त्यामुळे वाळलेला डाग विरघळवू म्हणाल तर जमणार नाही. पाण्याने मऊ करून चोळूनच काढावा लागतो. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका, पाइपच्या वळणात बसून घट्ट होतं. झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी काढा आणि गाळ वाळू न देता झाकून ठेवा. बाहेरचा कण त्यात गेला नसेल, तर पुढच्या वेळी पाणी घालून तोच वापरता येतो.